दीपडो आवे छे

मला गुजराती येतं, असं मी आता कुणाला सांगत नाही.

पूर्वी सांगत असे. बँकेनं माझी बदली साताऱ्याहून सुरतला, उधन्याच्या शाखेत केली, तेव्हा मित्रांनी माझ्या भाषेची फार काळजी केली होती. सहा महिन्यांनी गावी गेलो आणि चहाच्या टपरीवर त्यांना गुजराती बोलूनच दाखवलं. (त्यांच्यातल्या कुणालाही गुजराती येत नसल्यामुळे ते फार प्रभावित झाले.) माझा सिद्धांत असा होता, की गुजराती ही काही वेगळी भाषाच नाही. मराठी शब्दाच्या शेवटचा 'आ' काढायचा आणि तिथे 'ओ' बसवायचा. घोड्याचा घोडो, डब्याचा डबो, मामाचा मामो. वाक्याच्या शेवटी 'छे' लावायचं आणि चेहरा हसरा ठेवायचा. 'अहीं सही करो', 'काले आवजो' आणि 'सर्वर डाउन छे' एवढ्या भांडवलावर काउंटरमागची माझी चार वर्षं सुखात गेली.

आणखी एक नियम मी स्वतःच शोधून काढला होता. गुजराती माणूस लाडात आला की शब्दाच्या शेपटाला 'डो' नाहीतर 'डी' लावतो. भाईचा भाईडो, बेनची बेनडी. आता माझं नाव दीपक. उद्या कुणी सुरती माणूस माझ्यावर फारच खूश झाला तर तो मला काय म्हणेल, हे मी या नियमानं मनातल्या मनात काढून ठेवलं होतं. त्याच नियमानं पुढे माझा घात केला.

तसं उधन्यात जास्त गुजराती लागतही नाही. आमची भाजीवाली शिरपूरची, कामवाली शहाद्याची, शेजारी भेस्तानला आमच्या फ्लॅटखाली बसणारा इस्त्रीवाला साक्रीचा. माझ्या बायकोला, कल्पनाला, 'केम छो'च्या पुढे जायची कधी वेळच आली नाही. घरात खरं गुजराती येतं ते नववीतल्या ऋचाला. मी फोनवर कुणाशी गुजरातीत बोलायला लागलो की ती तोंडावर उशी दाबून घेते. मी ते कौतुक समजत होतो.

तर माघ संपता संपता माई आल्या. माई म्हणजे माझ्या सासूबाई. राहतात अमळनेरला, बोलतात अहिराणी, आणि जावयाला 'जवाईबापू' म्हणतात. घराणं माळकरी. लग्नाच्या बैठकीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, की खाण्यापिण्याचं कसं. 'आमच्याकडे अंडंसुद्धा चालत नाही,' असं मी खाली मान घालून सांगितलं होतं. (वाक्य खोटं नव्हतं. आमच्याकडे अंड्यावर कुणी थांबतच नसे.) कल्पनाला खरा प्रकार लग्नानंतर पंधरवड्यातच कळला. तेव्हापासून घरात एक तह आहे. मी जे काय खायचं ते बाहेर खायचं, आणि माईंच्या कानावर त्यातलं शितसुद्धा जाता कामा नये. कारण माई सगळ्या अमळनेरला सांगत असतात, जावई मिळावा तर असा.

या खेपेला माईंनी आपणहून एक गोष्ट मागितली. त्यांचे वडील सातपुड्यात, यावलच्या बाजूला फॉरेस्ट गार्ड होते. घराभोवती होळीच्या दिवसांत सगळा पळस पेटलेला असायचा, आणि रोज संध्याकाळी वडील सांगायचे, की आज बिबट्या दिसला. लहानगी माई हट्ट धरायची. वडील म्हणायचे, 'मोठी व्हय, मंग दाखाडसू.' माई मोठ्या झाल्या, लग्न होऊन गावात आल्या, वडील गेले, आणि बिबट्या राहून गेला. आता त्यांची सत्तरी उलटली होती. जेवताना त्या इतकंच म्हणाल्या, की पाय चालताहेत तोवर एकदा पळस बघायचा आहे, आणि तेवढं एक जनावर. हे बोलताना त्या वरणाकडे बघत होत्या. मला एकदम भरून आलं. मी हातातला घास खाली ठेवून म्हणालो, 'माई, बिबट्या तुम्हाला मी दाखवणार.'

कल्पनानं माझ्याकडे पाहिलं. मी शब्द दिला की ती असंच पाहते.

दुसऱ्या दिवशी बँकेत चौकशी केली. तिथल्या एका सहकाऱ्यानं मला आधीच एकदा, 'सर, केसूडां जोवा जाव,' असं सुचवलं होतं. केसूडां म्हणजे पळसाची फुलं, हे मला नंतर ऋचानं सांगितलं. तोवर मी ते केसांवरचं काहीतरी औषध समजत होतो, आणि तो माझ्या टकलाकडे बघून बोलला असं वाटून त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. आता त्याच्याशी गोड बोलून डांगच्या जंगलातल्या एका जयसुखभाईंचा नंबर मिळवला. जंगलाच्या कडेला त्यांच्या चार खोल्या होत्या, जेवणखाण तिथेच.

फोन मी बँकेच्या गच्चीतून केला. ऋचा म्हणत होती की मी बोलते. पण बिबट्याचा शब्द मी दिला होता. मागच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालला होता, त्यामुळे मला ओरडावं लागत होतं. आता बिबट्याला गुजरातीत काय म्हणतात? माझा सिद्धांत हाताशी होताच.

'जयसुखभाई, बिबट्यो जोवा मळशे?' बघायला मिळेल का, असं मी विचारलं.

'शुं?'

'बिबट्यो! बिबट्यो!'

'अरे हा हा, बीबीने लई आवो ने. बधी सगवड छे.'

मी घरी येऊन पेढे वाटायचेच बाकी ठेवले. बिबट्याला ते घेऊन येतात, सगळी सोय आहे, असं त्यांनी छातीठोक सांगितल्याचं मी माईंना सांगितलं. माई गालातल्या गालात हसल्या आणि ट्रंकेतून ठेवणीतलं लुगडं काढलं. कल्पना म्हणाली, 'अहो, बिबट्याला घेऊन कसे येतील? तो काय नंदीबैल आहे?' मी म्हणालो, तुला जंगलातलं काय कळतंय.

आम्ही शनिवारी सकाळी आमच्या छोट्या गाडीतून निघालो. अनावलच्या पुढे दोन्ही बाजूंना पळस सुरू झाला आणि माईंनी काच खाली केली. पानं झडलेली, फांदीफांदीवर नुसती केशरी फुलं. मधूनच लालभडक सावर. माई प्रत्येक झाडाला 'देख वो, देख वो' करत होत्या. वघईच्या पुढची वळणं लागली आणि ऋचाला गाडी लागली. तिनं दोनदा गाडी थांबवायला लावली आणि मुक्कामी पोहोचल्यावर गोळी घेऊन जी झोपली ती दुसऱ्या दिवशी सकाळीच उठली. हे मुद्दाम सांगतोय. घरातला एकमेव दुभाषी संबंध संध्याकाळ पांघरुणात होता, आणि सगळा कारभार माझ्या हाती आला.

जयसुखभाई माणूस मोठा अगत्यशील. त्यांनी पाणी दिलं, ताक दिलं, समोरच्या ओसरीवरून खालचा ओढा दाखवला. मी सामान आत ठेवायला गेलो आणि तिथेच माझा पाय अडला. स्वयंपाकघराच्या मागून वास आला. तिथे सोमाभाई नावाचे आचारी वेगळ्या चुलीवर आपल्यापुरती गावठी कोंबडी शिजवत होते.

वाचकहो, मी पंधरा दिवस माईंबरोबर मुगाची खिचडी खात होतो. मी सोमाभाईंच्या जवळ गेलो, आजूबाजूला बघितलं, आणि हळूच सांगितलं, की मलाही यातलं थोडं, पण खानगीमां. घरच्यांना कळायला नको. सोमाभाई कमी बोलणारे होते. त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळी मागच्या दाराशी या म्हणाले.

मी ओसरीवर येऊन बसलो तेवढ्यात जयसुखभाई सगळ्यांसमोर बोट उगारून गंभीरपणे म्हणाले, 'सांजे रसोडा पाछळ कोई जता नहीं हं. दीपडो आवे छे.'

एकेक शब्द मला लख्ख कळला होता. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या मागे कुणी जाऊ नका, तिथे दीपडो येणार आहे. म्हणजे सोमाभाईंनी यांना सांगितलं! बरं सांगितलं तर सांगितलं, पण या भल्या माणसानं माझ्यासाठी रस्ता मोकळा करायचा म्हणून बायकामंडळींना तिकडे जायला बंदी घातली. युक्ती चांगली होती. फक्त त्यात माझं नाव घालायला नको होतं. आणि ओळख होऊन तास झाला नाही तोच डायरेक्ट दीपडो? बँकेतल्या अधिकाऱ्याला? मी त्यांच्याकडे बघून एक डोळा मिचकावला. ते जरा गोंधळलेले दिसले.

'काय म्हणाले?' कल्पनानं विचारलं.

'म्हणतात, संध्याकाळी मागच्या बाजूला जाऊ नका,' मी म्हणालो. 'डास येतात.'

'एवढ्या गंभीरपणे?'

'मोठे असतात.'

संध्याकाळी माई ठेवणीतलं लुगडं नेसून समोरच्या ओसरीवर बसल्या. हातात जपमाळ, नजर ओढ्याकडे. शेजारी कल्पना. बिबट्या आणायला कोण जातं, कधी जातं, हे विचारायला मी जयसुखभाईंकडे जातो असं सांगून उठलो आणि वळसा घालून मागच्या दाराशी गेलो. सोमाभाईंनी ताट दिलं. कोंबडीचा लालभडक रस्सा, नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, कांदा. ते मला परत परत आत बसायला सांगत होते. मी नको नको म्हणालो. आत बसलो तर ओसरीवरून सरळ दिसलो असतो. कुंपणापाशी एक आडवा ओंडका होता, त्यावर जंगलाकडे पाठ करून बसलो आणि जेवायला सुरुवात केली. सोमाभाई दारात उभे राहून माझ्याकडे काळजीनं बघत राहिले. शेवटी कपाळाला हात लावून त्यांनी दार आतून लावून घेतलं. मला वाटलं, माणसाला किती कळतं, एकांत दिला.

असा रस्सा मी जन्मात खाल्ला नव्हता. दुसऱ्या तंगडीवर आलो असेन, तेवढ्यात माझ्या मागे वाळलेला पाला करकरला. अगदी जवळ. मग थांबला. मग परत करकरला.

कल्पना! दुसरं कोण असणार? मी मागे न वळताच म्हणालो, 'आलो गं, आलो. जरा शतपावली करतोय.' आणि पुरावा नको म्हणून हातातलं हाड खांद्यावरून मागे कुंपणाकडे भिरकावलं. पाल्यात ते पडल्याचा आवाज आला नाही. याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. मला फक्त एवढंच वाटलं, की कल्पनानं आज काहीच बोलून दाखवलं नाही, सुधारली बिचारी. ताटातली उरलेली हाडंही मी तशीच मागे टाकली, हात धुतले, आणि बडीशेप चघळत ओसरीवर आलो. कल्पना तिथेच बसलेली होती. ती उठलीच नव्हती म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे, कुत्रं असेल.

माई ओढ्याकडे बघत होत्या. अंधार पडला तरी बघत होत्या.

रात्रीच्या जेवणाला (माझ्या दुसऱ्या जेवणाला) जयसुखभाई वाढायला आले आणि माईंना हसून विचारते झाले, 'दीपडो जोयो?'

माईंनी माझ्याकडे बघितलं. आता काय म्हणावं या माणसाला! दीपडो पाहिला का, असं साक्षात माझ्या सासूला विचारतोय! मी घाईघाईनं म्हणालो, 'ना ना, कोईए नथी जोयो. कोईए नहीं.'

'काले जोशो,' जयसुखभाई म्हणाले. 'एनी आदत छे. एक वार खाधुं, एटले बीजे दिवसे पाछो आवे ज.'

उद्या बघाल, त्याची सवयच आहे, एकदा खाल्लं की दुसऱ्या दिवशी परत येतोच. मला भयंकर राग आला. खादाड म्हणा, पण तोंडावर? मी भातावर मान खाली घालून घेतली. कल्पनानं काय म्हणतात विचारलं, तर मी सांगितलं, की डास उद्याही येतील. माई नुसत्या दोन घास जेवल्या. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, की बापू, मनाला लावून घेऊ नका, नशिबातच नाही. त्या हाताचं मला ओझं झालं. रविवारी दुपारी आम्हाला परतायचं होतं.

सकाळी ऋचाला बरं वाटलं आणि आम्ही चौघं पळसात फिरून आलो. झाडाखाली इतकी फुलं पडली होती की पाय कुठे ठेवावा कळत नव्हतं. माईंनी पदराचा ओचा करून फुलं वेचली, होळीला रंग करायला. लहानपणी या पानांच्या पत्रावळी कशा लावायच्या ते त्यांनी ऋचाला दाखवलं. त्या मजेत होत्या, पण मधूनच थांबून झाडीत बघत होत्या, आणि ते बघणं मला सहन होत नव्हतं. परतलो तेव्हा अंगणात गडबड चालली होती. सोमाभाई हातात मूठभर पिसं घेऊन उभे होते, आणि जयसुखभाई आम्हाला बघताच हात उंचावून धावत आले.

'दीपडो मरघी खाई गयो! काल सांजे! रसोडा पाछळ ज बेठो हतो!'

झालं. सगळं संपलं. काल संध्याकाळी दीपडोनं कोंबडी खाल्ली, स्वयंपाकघराच्या मागेच बसला होता. माणसानं एवढं विश्वासघातकी असावं? मी माईंकडे बघितलं. माईंना 'मरघी' कळलं होतं. त्या सोमाभाईंच्या हातातल्या पिसांकडे बघत होत्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी दोन पावलं पुढे झालो.

'हा,' मी म्हणालो. 'में खाधी.'

जयसुखभाई माझ्याकडे बघत राहिले. 'तमे?'

'हा, में. पण अर्धी.'

'पण पींछां ज रह्यां छे,' त्यांनी सोमाभाईंच्या हाताकडे बोट दाखवलं. नुसती पिसंच उरलीत. मग माझ्या तोंडाकडे निरखून बघत त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, 'काची?'

'ना ना!' मी ओरडलो. 'रसावाळी!'

मग मी वळलो आणि माईंच्या पायाशी वाकून मराठीत सगळं ओकून टाकलं. की हो माई, मी खातो. लग्नाआधीपासून खातो. अंडं चालत नाही हे नुसतं म्हणायला होतं. पंधरा दिवस मी खिचडी खाल्ली, काल नाही राहवलं. यांनी मला सगळ्यांसमोर दीपडो म्हटलं ते म्हटलं, पण मी मुळातच तसा आहे. कल्पनानं डोळे मिटून घेतले होते.

इतक्यात मागून एक चमत्कारिक आवाज आला. ऋचा जमिनीवर बसली होती आणि पोट धरून डोळ्यांतलं पाणी पुसत होती. उशी नव्हती, म्हणून तिनं ओढणी तोंडात कोंबली होती.

'पप्पा,' ती कशीबशी म्हणाली, 'दीपडो एटले बिबट्या.'

जयसुखभाईंनी आम्हाला ओंडक्यापाशी नेलं. ओंडक्याच्या मागे, कुंपणाच्या अलीकडे, धुळीत पंजे उमटले होते. गोल, स्वच्छ, माझ्या तळहाताएवढे. ओंडक्यापासून एका हाताच्या अंतरावर जनावर बराच वेळ बसलेलं दिसत होतं. मी टाकलेली हाडं कुठेच नव्हती. एवढं झाल्यावर त्यानं पलीकडच्या खुराड्यातून सोमाभाईंची कोंबडी उचलली होती. मी काल ज्याला 'आलो गं, आलो' म्हणालो, ते कोण होतं हे आत्ता माझ्या ध्यानात आलं. मी त्याच ओंडक्यावर बसलो.

माई पंज्यांपाशी खाली बसल्या. एका ठशावर त्यांनी हळूच हात ठेवला. मग माझ्याकडे वळून बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

'माई, कोंबडीचं...' मी म्हणालो.

'कोंबडीनं जाऊ द्या,' माई म्हणाल्या. 'ते माले लगनना दिनपाईन म्हाईत शे. पंगतमा तुम्ही वांगानी भाजीमा मटननी नळी धुंडी ऱ्हायंतात.'

कल्पनानं डोळे उघडले. माईंचा खरा राग पुढेच होता.

'मी आठे बिबट्या देखाले उनू,' त्या म्हणाल्या, 'आन तुम्ही माले डास सांगं?'

बिबट्या दाखवायचा शब्द मी दिला, बिबट्या आला, मी सोडून सगळ्या दुनियेनं सांगितलं की तो आला आहे, आणि मी माईंना दुसऱ्या बाजूला तोंड करून बसवलं होतं. मला इतकी लाज वाटली, की सोमवारची रजा टाकतो, आजचा दिवस इथेच राहू, असं मी आपणहून म्हणालो. ऋचानं लगेच जयसुखभाईंशी सगळं बोलून घेतलं. (त्यात ती 'बीबी' म्हणताना हसली आणि जयसुखभाईही कल्पनाकडे बघून हसले. म्हणजे फोनवर त्यांनी बिबट्याला नव्हे, बायकोला आणायला सांगितलं होतं, तेही उघडकीला आलं.) ते म्हणाले, सवयीचं जनावर आहे, बहुधा येईल. कोंबड्या आज घरात कोंडून ठेवू. तुम्ही स्वयंपाकघरात जाळीच्या खिडकीशी दिवा न लावता बसा. फक्त कुणी आवाज करायचा नाही. हे शेवटचं वाक्य ऋचानं माझ्यासाठी दोनदा सांगितलं.

दिवस कलला तसे आम्ही बसलो. माई खिडकीच्या अगदी मधोमध, जाळीला नाक लावून. त्यांच्या बाजूला कल्पना आणि ऋचा. मागे मी. माझ्या मागे दाराशी जयसुखभाई. बाहेर ओंडका, कुंपण, आणि त्यापलीकडे संध्याकाळच्या उजेडात विझत चाललेला पळस. कुणी हलत नव्हतं. मी तर श्वाससुद्धा तोंडानं घेत होतो. मनात एकच चाललं होतं, की देवा, एवढी एक चूक पदरात घे आणि माईंना ते जनावर दाखव, मी आयुष्यभर खिचडी खाईन. (एवढं बोललो आणि घाबरून 'आठवडाभर' अशी दुरुस्ती केली.)

आणि पाला करकरला.

माईंचे खांदे ताठ झाले. त्यांचा हात कल्पनाच्या हातावर गेला. मी खिडकीकडे मान लांब करणार, तेवढ्यात मागून जयसुखभाई अगदी हळू आवाजात कुजबुजले, 'दीपडो...'

मी मागे वळलो आणि म्हणालो, 'हं, बोला.'

परत खिडकीकडे वळेपर्यंत बाहेर फक्त ओंडका होता.

सगळ्यांनी पाहिला. ऋचानं पाहिला, कल्पनानं पाहिला. तो कुंपणावरून पाण्यासारखा अलीकडे उतरला, ओंडक्याचा वास घेतला, मान वर करून सरळ माईंच्या डोळ्यांत बघितलं, आणि कुणीतरी 'हं, बोला' म्हटल्यावर निघून गेला. मला वाटलं, आता माई काय म्हणतील! मी सगळं घालवलं. पण माई जाळीला धरून तशाच बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. 'दखा,' त्या म्हणाल्या. 'मना बापनी दाखाडा वो माले.' मग वळून त्यांनी माझ्या डोक्यावरून दोन्ही हात फिरवले आणि बोटं कानशिलावर मोडली. त्या क्षणी बिबट्या न दिसल्याचं मला काही वाटलं नाही. खरंच नाही. आमच्या घरात बिबट्या न पाहिलेला मी एकटाच आहे, याची आठवण ऋचा मला रोज करून देते, तरीसुद्धा नाही.

परतल्यावर मी गुजरातीचा सिद्धांत मागे घेतला. बँकेत आता ज्याला गुजराती बोलायचं आहे त्याला मी शेजारच्या खिडकीकडे पाठवतो. माई अमळनेरला गेल्या, आणि सगळ्या गावाला सांगताहेत, की जावई मिळावा तर असा; फक्त पुढचा मजकूर बदलला आहे. दर रविवारी त्यांचा फोन येतो. कल्पना तो स्पीकरवर टाकते, माईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'दीपडो घर शे, का खावाले जायेल शे?'

आणि मी कुठल्याही खोलीत असलो तरी तिथूनच म्हणतो, 'हं, बोला.'